अमेरिकेच्या यादवी युद्धांतील पराभूत पक्षाचें दप्तर

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांमध्यें इ. स. १८६१ ते १८६५ या काळांत झालेलें यादवी युद्ध आपल्याकडे मुख्यतः दोन कारणांनीं ठाऊक आहे. त्या युद्धामुळें तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेनासा होऊन मुंबईच्या बाजारांत पैशाचा पूर आला व १८६५ सालीं युद्ध संपतांच अनेक पेढ्यांचें दिवाळें वाजलें, हें एक. आणि त्या युद्धानें गुलामगिरी नष्ट झाली, हें दुसरें. तेथील लढाया, सेनापति व लिंकनचा खून यांवर ग्रंथ विपुल आहेत. परंतु जुनीं कागदपत्रें धुंडाळणाऱ्या मंडळींस त्या युद्धाची एक निराळीच बाजू अधिक उद्बोधक वाटेल. जो पक्ष हरला व ज्याचें राज्यच नाहींसें झालें, त्याचें दप्तर कोठें गेलें, तें कोणीं व कशासाठीं राखलें, आणि अखेर तें छापून कसें निघालें, एवढाच विषय प्रस्तुत लेखापुरता घेतला आहे.

एका सुट्या कागदाचें वजन किती असूं शकतें, याचें उदाहरण प्रथम पाहूं. ९ सप्टेंबर १८६२ रोजीं दक्षिणेचा सेनापति रॉबर्ट ली यानें आपल्या सैन्याच्या कोणत्या तुकडीनें कोणत्या मार्गानें जावें हें ठरविणारा १९१ क्रमांकाचा विशेष हुकूम काढला. त्याच्या नकला निरनिराळ्या सरदारांस रवाना झाल्या. चार दिवसांनीं मेरीलंड संस्थानांतील फ्रेडरिक गांवाजवळ उत्तरेच्या २७ व्या इंडियाना पलटणींतील बार्टन मिचेल या कॉर्पोरलास त्याच हुकुमाची एक नक्कल चिरुटांभोवतीं गुंडाळलेली सांपडली. ती डी. एच. हिल या दक्षिणी सरदाराच्या नांवची होती. हा कागद अस्सल कीं शत्रूनें मुद्दाम टाकलेला, हा प्रश्न तत्काळ उभा राहिला व तो हस्ताक्षरावरून सुटला. सॅम्युअल पिटमन या अधिकाऱ्यानें अक्षराचें वळण लीचा कार्यवाह रॉबर्ट चिल्टन याचें असल्याचें ओळखून सांगितलें. उत्तरेचा सेनापति मॅक्लेलन यानें त्या कागदाच्या आधारें चाल केली. १७ सप्टेंबर रोजीं अँटीटम येथें तुंबळ युद्ध होऊन एका दिवसांत दोन्ही पक्षांचे मिळून सुमारें २३,००० लोक मेले, जखमी झाले अथवा बेपत्ता झाले. ली मागें फिरला, आणि २२ सप्टेंबर रोजीं लिंकननें गुलामांच्या मुक्ततेचा प्राथमिक जाहीरनामा काढला.

गहाळ झालेली ती नक्कल मॅक्लेलनच्या कागदांबरोबर वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत आहे. हिल याच्यावर हलगर्जीपणाचा ठपका आला. त्यावर त्याचें म्हणणें असें कीं, आपणांस हुकुमाची प्रत वरिष्ठ सरदार जॅक्सन याजकडून, त्याच्याच हस्ताक्षरांत मिळाली. दुसरी कोणतीही आली नाहीं. जॅक्सनच्या हातची ती प्रत त्यानें आपल्या निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून जपून ठेविली व ती उत्तर कॅरोलिना संस्थानच्या दप्तरखान्यांत राहिली आहे. एकाच हुकुमाच्या दोन नकला. एक गहाळ झाल्यानें प्रसिद्धीस आली, दुसरी कलंक धुण्यासाठीं टिकली.

आतां मूळ दप्तराकडे वळूं. दक्षिणेच्या अकरा संस्थानांनीं स्थापिलेल्या संघाची राजधानी व्हर्जिनियांतील रिच्मंड येथें होती. २ एप्रिल १८६५ या रविवारीं अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस प्रार्थनामंदिरांत असतांना, राजधानी आतां राखतां येत नाहीं, अशी लीची तार त्यास पोंचली. त्याच रात्रीं सरकारी कागद आगगाडींत भरून दक्षिणेकडे रवाना करण्याची धांदल उडाली. जें नेतां येईना तें रस्त्यांवर फेंकलें अथवा जाळलें गेलें. परराष्ट्रमंत्री जूडा बेंजामिन यानें गुप्त हेरखात्याचे कागद आपल्या देखत जाळविले असें सांगतात. निघतांना सैन्यानें तंबाखूच्या वखारींस लावलेली आग पसरून शहराचा व्यापारी भाग बेचिराख झाला. त्यांत संस्थानच्या न्यायकचेरीची इमारत जळाली. जेम्स सिटी वगैरे तालुक्यांनीं आपलीं जुनीं दप्तरें लढाईच्या भयानें, सुरक्षित राहावींत म्हणून, राजधानींत आणून ठेविलीं होतीं. तीं गांवीं राहतीं तर कदाचित् वांचतीं. सुरक्षिततेसाठीं नेलीं म्हणूनच जळालीं.

युद्धखात्याचें दप्तर मात्र वांचलें. लष्करी कारभाराचा मुख्य अधिकारी सॅम्युअल कूपर हा तें घेऊन उत्तर कॅरोलिनांतील शार्लट गांवीं पोंचला. युद्धमंत्री ब्रेकिन्रिज याची इच्छा अशी कीं, या झगड्याचा इतिहास पुढें लिहावयाचा तर हे कागद अवश्य लागतील. म्हणून ते नष्ट न करतां प्रसंग पडल्यास शत्रूच्या स्वाधीन करावे. सेनापति जॉन्स्टन यानें २६ एप्रिल रोजीं शरणागति पत्करल्यावर या दप्तराचा ठावठिकाणा विजयी पक्षास स्वतः कळविला. सुमारें ८० पेट्या भरून तें वॉशिंग्टनला गेलें. आपलें राज्य बुडत असतां आपला वृत्तांत शत्रूच्या हातीं जपून देणें, यांत लहान धैर्य नाहीं.

विजयी पक्षाचा हेतु मात्र इतिहासाचा नव्हता. १४ एप्रिल रोजीं लिंकनवर गोळी झाडण्यांत आली होती. त्या कटांत डेव्हिसचा हात असल्याचा लेखी पुरावा या कागदांत सांपडेल, अशी सरकारास आशा होती. यासाठीं जुलै १८६५ मध्यें युद्धखात्यांत एक स्वतंत्र दप्तरकचेरी उघडून तिचा मुख्य म्हणून फ्रान्सिस लीबर याची नेमणूक झाली. हा मूळचा बर्लिनचा. युद्धांत सैन्यानें कसें वागावें याविषयींचे १८६३ सालचे प्रसिद्ध नियम यानेंच रचले होते. त्याचे तिघे पुत्र या युद्धांत होते. दोघे उत्तरेकडून लढले व त्यांपैकीं हॅमिल्टन याचा हात डोनेल्सन किल्ल्याच्या लढाईंत गेला. वडील पुत्र ऑस्कर हा दक्षिणेकडून लढून १८६२ सालीं जखमांनीं मरण पावला. अशा पित्यापुढें त्या पराभूत राज्याच्या पेट्या उघडल्या गेल्या, आणि उत्तरेकडून लढलेला दुसरा पुत्र नॉर्मन हा त्याचा साहाय्यक होता. लीबरनें कागद लावले, याद्या केल्या. परंतु डेव्हिस कटांत होता असें सिद्ध करणारा पुरावा त्यांत निघाला नाहीं. डेव्हिसवर खटला चाललाच नाहीं व १८६९ सालीं तें प्रकरण काढून टाकण्यांत आलें.

दप्तराचा दुसरा उपयोग पैशाच्या व्यवहारांत झाला. दक्षिणेंत राहूनही आपण संयुक्त सरकाराशीं एकनिष्ठ होतों, सबब सैन्यानें नेलेल्या मालाची भरपाई मिळावी, असे दावे ऐकण्यासाठीं १८७१ सालीं एक मंडळ नेमलें गेलें. त्यापुढें २२,००० हून अधिक दावे आले. दावेदाराची एकनिष्ठता तपासावयाची तर बंडखोर सरकाराच्या कागदांत त्याचें नांव कोठें येतें हें पाहणें भाग होतें. तेव्हां दप्तराची किंमत एकाएकीं वाढली. दक्षिणेच्या परराष्ट्रखात्याचे कागद ब्रॉमवेल नांवाच्या कारकुनानें दडविले होते. ते जॉन पिकेट या माजी वकिलाच्या द्वारें विक्रीस आले, आणि १८७२ सालीं अमेरिकन सरकारानें ७५,००० डॉलर मोजून ते घेतले.

याच प्रकरणांत संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावी अशी एक गोष्ट आहे. दक्षिण संघानें आपली राजमुद्रा लंडनच्या वायन या मुद्राकाराकडून चांदीची करविली होती. तीवर जॉर्ज वॉशिंग्टनची अश्वारूढ आकृति आहे. मुद्रा १८६४ सालीं रिच्मंडला पोंचली, परंतु ती उठविण्याचें अवजड यंत्र बर्म्यूडा बेटावरच अडकून पडलें. त्यामुळें कोणत्याही सरकारी कागदावर तिचा ठसा उमटला नाहीं. मूळ मुद्रा कागदांच्या व्यवहारांत टॉमस सेल्फ्रिज या आरमारी अधिकाऱ्याकडे गेली व १९१२ सालीं रिच्मंडच्या गृहस्थांनीं विकत घेऊन परत आणली. मधल्या काळांत, १८७३ च्या सुमारास, पिकेटनें तिच्या धातूच्या प्रतिकृति करवून विकल्या. म्हणून युद्धकालीन कागदावर या मुद्रेचा ठसा दिसला, तर तो कागद अथवा निदान तो ठसा संशयास्पद मानावा. येथें मुद्रेचें असणें हेंच बनावटपणाचें चिन्ह ठरतें.

इतिहासाचें कार्य यानंतर सुरू झालें. १८७७ च्या अखेरीस रॉबर्ट स्कॉट या लष्करी अधिकाऱ्याकडे छपाईचें काम सोंपविलें गेलें. त्यानें एक कडक नियम घातला: युद्ध चालू असतां लिहिले गेलेले कागद तेवढे घ्यावयाचे, मागाहून रचलेल्या आठवणी व समर्थनें घ्यावयाचीं नाहींत. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर अस्सल पत्रें घ्यावयाचीं, बखरी वगळावयाच्या. दुसरा नियम असा कीं, प्रत्येक मोहिमेवर दोन्ही पक्षांचे कागद एकाच ग्रंथांत शेजारीं छापावयाचे. तोंपर्यंत वॉशिंग्टनचें दप्तर दक्षिणेकडील लेखकांस बहुतांशीं बंद होतें. १८७८ सालीं दक्षिणेचा माजी सेनाधिकारी मार्कस राइट यासच पराभूत पक्षाचे कागद मिळविण्यासाठीं नेमण्यांत आलें, आणि दक्षिणेच्या इतिहासमंडळाशीं परस्परांचें दप्तर पाहूं देण्याचा करार झाला. मग घरोघरीं दडलेले कागद बाहेर येऊं लागले. १८८० ते १९०१ या काळांत १२८ ग्रंथ निघाले. त्यांचीं पृष्ठें १ लक्ष ३८ हजारांहून अधिक भरतात. नकाशांचा संग्रह व आरमारी कागदांचे ग्रंथ यांहून निराळे. स्कॉट १८८७ सालींच वारला. काम थांबलें नाहीं.

तथापि या प्रचंड ग्रंथमालेंतही एक मोठी पोकळी आहे. १८६० च्या खानेसुमारींत गुलामांची संख्या ३९,५३,७६० होती. ज्यांच्यासाठीं युद्ध झालें त्या या लोकांचा आवाज सेनापतींच्या अहवालांत क्वचितच ऐकूं येतो. बहुतेकांस लिहिणें शिकूं दिलेलें नव्हतें. त्यांचे कागद निराळ्याच गठ्ठ्यांत सांपडतात. उत्तरेच्या सैन्यांत १ लक्ष ७८ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय शिपाई होते. त्यांच्या विधवांस वेतन मिळण्यासाठीं विवाह शाबीत करावा लागे; पण गुलामांच्या विवाहास कायद्याची मान्यता नसल्यामुळें त्याचा दाखलाच नसे. म्हणून शेजारी, सोबती, क्वचित् जुने मालकही जबान्या देत: लग्न कोठें लागलें, मुलें कोणतीं झालीं, कोणास केव्हां विकलें. खालीं सहीच्या जागीं फुली. हिशेबखात्याच्या दृष्टीनें हा वेतनाचा रुक्ष कागद. पण एका कुटुंबाचा इतिहास बहुधा तेवढाच. हे गठ्ठे पुढें १९३४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत आले. १९७६ पासून मेरीलंड विद्यापीठांतील संशोधकांनीं मुक्त झालेल्या गुलामांविषयींचे असे हजारों कागद निवडून १९८२ पासून ग्रंथरूपानें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. स्कॉटच्या कामाची उणीव अशी शंभर वर्षांनीं भरून निघूं लागली.

या सर्व वृत्तांतावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कागद राखणाऱ्याचा हेतु आणि कागदाची योग्यता यांचा नेहमींच मेळ नसतो. आरोप शाबीत करण्यासाठीं जमविलेल्या कागदांनीं आरोप फोल ठरविला. दावे फेटाळण्यासाठीं विकत घेतलेले कागद इतिहासाचीं साधनें झाले. वेतनाच्या फायलींनीं निरक्षर लोकांस वाचा दिली. म्हणून कोणताही गठ्ठा हातीं आला असतां, त्यांत काय लिहिलें आहे याबरोबरच तो कोणाच्या घरून, कोणत्या कामासाठीं, किती हातांतून आला, याची टीप त्याच दिवशीं करून ठेवावी. आणि सरदारांच्या पत्रांशेजारीं पडलेली नांवनिशी व फुलीची जबानी निरुपयोगी समजून बाजूस टाकूं नये.