भिंत वाळली हे कोणी ठरवायचे?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. पूर ओसरल्यानंतर आम्ही तेथील एका परिचित शिक्षकांच्या घरी गेलो, तेव्हा तळमजल्याच्या विटांच्या भिंतींवर सुमारे एक मीटर उंचीवर चिखलाची रेषा उमटलेली होती. दुरुस्तीचे सगळे काम त्यांनी एका ठेकेदारावर सोपवले. त्याने भिंती धुतल्या, पंखे लावून ठेवले आणि ऑक्टोबरात भिंतीवर तळहात फिरवून ‘वाळली’ असा निर्वाळा दिला. दिवाळीपूर्वी पुट्टी भरून वर प्लास्टिक पेंटचे दोन हात झाले. संक्रांतीच्या सुमारास रंगाला फुगे आले, पोपडे सुटले आणि खाली पांढरा लोणा दिसू लागला. ठेकेदाराने रंगाला दोष दिला, घरमालकांनी ठेकेदाराला. आमच्या मते चूक त्या तळहाताची होती. हाताला कोरडी लागणारी भिंत आतूनही कोरडी असतेच असे नाही. असे का होते, ते पाहू.

भिंत किती पाणी पिते?

वीट सच्छिद्र असते. तिच्यातील बारीक नलिकांमधून पाणी केशाकर्षणाने आत शिरते आणि वरही चढते. म्हणून पुराच्या रेषेच्या वरची भिंतही ओली असू शकते. चांगल्या प्रतीची सुमारे ३ किलोग्रॅमची वीट २४ तास पाण्यात ठेवली, तर ती आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी शोषते. आपण हिशेबासाठी प्रत्येक विटेत ४०० ग्रॅम पाणी धरू. तीन मीटर लांबीच्या, ९ इंची भिंतीचा खालचा एक मीटर भाग भिजला, तर त्यात सुमारे ३५० विटा येतात. म्हणजे एका भिंतीत १४० लिटर पाणी झाले! ते बाहेर पडायचे तर त्याची वाफ व्हावी लागते आणि त्यासाठी सुमारे ९५ युनिट विजेइतकी उष्णता लागते. ही उष्णता भिंत हळूहळू भोवतालच्या हवेतून घेते.

ही वाफ सामावून घ्यायला हवेत जागाही हवी. २७ अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २६ ग्रॅम बाष्प मावते. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असताना जेमतेम २.६ ग्रॅमची जागा उरते. तीन मीटर लांब, रुंद व उंच अशा खोलीतील सगळी हवा फार तर ७० ग्रॅम पाणी घेईल. वरचे १४० लिटर संपवायला खोलीतील हवा निदान दोन हजार वेळा बदलावी लागेल. दारेखिडक्या बंद करून पंखा लावला तर तीच दमट हवा घुसळली जाते. हवा कोरडी करणारे यंत्र मात्र उलट बंद खोलीत वापरावे. ते बाष्प थंड नळ्यांवर गोठवून नव्हे, तर त्यांचे दव करून पाणी वेगळे काढते. खिडकी उघडी राहिली तर ते बाहेरची हवा वाळवत बसेल.

वाळण्याचे दोन टप्पे

सुरुवातीला आतले पाणी नलिकांमधून पृष्ठभागापर्यंत येत राहते आणि तेथून उडून जाते. या टप्प्यात भिंत झपाट्याने वाळते. पुढे नलिकांमधील पाण्याचा सलग धागा तुटतो. आता बाष्पीभवन भिंतीच्या आत होते आणि वाफेला विसरणाने वाट काढत बाहेर यावे लागते. ओलावा जितका खोल, तितकी गती मंद. अंतर दुप्पट झाले, तर वेळ साधारण चौपट लागतो. पृष्ठभाग कोरडा लागतो तो या दुसऱ्या टप्प्याच्या आरंभी! तेव्हा खरे काम अजून बाकी असते.

बांधकामात एक ढोबळ नियम सांगतात: जाडीच्या दर इंचाला एक महिना. ९ इंची भिंतीला या हिशेबाने नऊ महिने होतात. ऊन, वारा आणि भिंतीचा प्रकार यांनुसार हा काळ बदलेल, पण साडेतीन महिन्यांनी आलेली दिवाळी घाईचीच होती. प्लास्टिक पेंटमुळे वाफेची वाट अडली. पाण्याबरोबर आलेल्या क्षारांचे स्फटिक रंगाखाली वाढले आणि त्यांनी रंग ढकलून दिला.

कोणाला, कोणत्या क्रमाने बोलवावे?

सर्वांत आधी वायरमन. मुख्य पुरवठा बंद ठेवून त्याने बोर्ड उघडावेत आणि मेगरने वायरिंगची रोधकता मोजावी. ती किमान १ मेगाओहम हवी. तोपर्यंत पंखासुद्धा लावू नये. भिंतीला तडे असतील किंवा ती कलली असेल, तर पुढचे काम अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावे. सफाईपूर्वी पाण्याच्या रेषेसह छायाचित्रे काढावीत. पंचनाम्याला आणि विम्याला ती उपयोगी पडतात. गाद्या, प्लायवूड, पुस्तके यांवर एकदोन दिवसांतच बुरशी वाढू लागते, म्हणून ती लगेच हलवावीत. गवंडी त्यानंतर, आणि रंगारी सर्वांत शेवटी.

ठेकेदाराला काम देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ओलावा कशाने मोजणार? सुटलेला गिलावा काढून भिंत किती दिवस उघडी ठेवणार? रंगाचे पैसे ओलावा मोजल्यानंतर दिले तर चालतील का? उत्तरे लेखी घ्यावीत आणि प्रत्येक कामाचा दर वेगळा मागावा.

ओलावामापकाच्या दोन सुया भिंतीत टोचून त्यांच्यामधील विद्युतरोध मोजतात. पण क्षारांमुळेही रोध कमी होतो आणि भिंत असते त्याहून ओली दाखवली जाते. म्हणून पाणी न लागलेल्या, तशाच बांधणीच्या भिंतीवरही मोजून दोन्ही आकड्यांची तुलना करायला सांगावे. यंत्र नसेल तर फूटभर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावावे. एक दिवसाने आतल्या बाजूला थेंब दिसले, तर रंगाची वेळ आलेली नाही. थेंब दिसले नाहीत, तरी आठवड्याने पुन्हा पाहावे.

वर्गात करून पाहा

एका कोरड्या विटेचे वजन करा. ती २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून पुसा आणि रोज ठरावीक वेळी वजन करून आलेख काढा. दुसऱ्या भिजवलेल्या विटेच्या पाच बाजू प्लास्टिकने घट्ट झाका. तिसरी वीट मिठाच्या पाण्यात भिजवा आणि तिच्यावर काय उमटते ते पाहा. विद्यार्थ्यांना रोज विटेला हात लावायला सांगा. ज्या दिवशी वर्ग ‘वाळली’ म्हणेल, त्या दिवशीचे वजन मूळ वजनाशी ताडून पाहा. दोन्हींतील फरक म्हणजे हाताला न कळलेले पाणी.

चिपळूणच्या त्या शिक्षकांनी जानेवारीत रंग आणि पुट्टी खरवडून काढली, सुटलेला गिलावा पाडला आणि लोणा कोरड्या ब्रशाने झाडला. उन्हाळाभर भिंत उघडी ठेवली. मे महिन्यात प्लास्टिकखाली थेंब दिसेनासे झाले, तेव्हा वाफ बाहेर पडू देणारी चुन्याची सफेदी दिली. खर्च मात्र दोनदा झाला होता.