शोकेसच्या काचेवर नक्षी हवीय?

सागवानी शोकेस करायला घेताय? मग काचेचा विचार लाकडाच्या आधी करा. टफन्ड काच हवी असेल तर माप, भोकं, सँडब्लास्टिंगची नक्षी, सगळं काच टफन करायला भट्टीत जाण्याआधी उरकायचं. एकदा भट्टीतून निघालेली काच कापायला गेलात की चुराच हातात येतो.

दाराला ५ मिमी काच पुरते. खाच मात्र चारही बाजूंनी दीड-दोन मिमी सैल ठेवा; पावसाळ्यात लाकूड फुगतं, काच नाही. काच चिकटवू नका, आतून लाकडी पट्टी छोट्या स्क्रूंनी बसवा. फुटली तर बदलता येते.

नक्षीची बाजू नेहमी आत! खरखरीत काचेवर तेलकट बोटं उमटली की पुसता पुसत नाहीत. म्हणजेच अक्षरं असतील तर स्टेन्सिल उलटं कापायचं, बरं का.

छोट्या नक्षीला विनाइल स्टेन्सिल आणि एचिंग क्रीम, तेही हातमोजे घालून. हायड्रोफ्लोरिक ॲसिडच्या वाटेला अजिबात जाऊ नका. ते कातडीतून थेट हाडापर्यंत उतरतं. खोल उठाव हवा तर सँडब्लास्टिंगच. टिलघमन नावाच्या संशोधकाने १८७० मध्ये पेटंट घेतलेल्या या पद्धतीला माझ्या मते आजही तोड नाही.

आणि आतली पाठ गडद पॉलिशची ठेवा. पांढऱ्या सनमायकापुढे नक्षी चक्क गायब होते.