ज्यूकबॉक्स खोलताना



मुंबईत इराण्याच्या हॉटेलात चहा घेता घेता, पेटीत नाणे टाकून आवडीचे गाणे लावलेले आपल्या बुजुर्गांना आठवत असेल. बालमित्रांनो, त्या पेटीचे नाव ज्यूकबॉक्स. आमच्या मंडळाकडे अशीच एक अमेरिकन पेटी आली, 1952 सालची सीबर्ग एम-100-सी. आत 50 तबकड्या, दोन्ही बाजू मिळून 100 गाणी! गंमत म्हणजे तबकडी आडवी न होता उभीच वाजते.

सभागृह वरच्या मजल्यावर आणि जिना अरुंद, म्हणून पेटी खोलणे भाग पडले. प्लग काढून आम्ही आत हात घालणार, तोच आमच्यातले एक काका ओरडले, "थांबा रे! प्लग काढला म्हणजे वीज गेली असं नाही!" काकांनी मुंबईत रेडिओ दुरुस्तीचे काम केलेले.

अशा व्हॉल्व्हच्या यंत्रात कंडेन्सर वीज साठवून ठेवतात. दाब 300 व्होल्टच्याही वर असू शकतो. काकांनी पेटी बराच वेळ तशीच ठेवली. मग रेझिस्टर लावून उरलेली वीज हळूहळू उतरवली आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच "आता चला" म्हणाले. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडणे हा उपाय नव्हे, हेही बजावले.

पुढचे काम क्रमाने झाले. प्रथम तबकड्या काढून त्यांना नंबर दिले. सुईचा हात मऊ फितीने बांधला. तबकड्यांचे यंत्र स्प्रिंगांवर तरंगते, ते स्क्रूने घट्ट केले. दिव्यांच्या नळ्यांत पारा असतो, म्हणून त्या जपून गुंडाळल्या. प्रत्येक वायर सोडण्यापूर्वी फोटो काढला, चिठ्ठी लावली. वजनदार भाग चौघांनी उचलले. मुलांना लांब उभे केले.

पुन्हा जोडताना नवी अडचण. अमेरिकेची वीज 120 व्होल्ट, 60 सायकलची; इथली 230 व्होल्ट, 50 सायकलची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, सायकल बदलत नाहीत. मोटर मंद चालून 45 फेऱ्यांची तबकडी 37.5 फेरेच घेते. मग लताबाईंचा आवाजही जाडाभरडा! त्यासाठी मोटरीला वेगळा भाग बसवला.

शेवटी पहिले बटण एका छोट्या मुलीने दाबले. काका मागे खुर्चीत बसून ऐकत होते.

तुमच्या घरी जुना रेडिओ वा टी.व्ही. असेल, तर मागचे झाकण उघडू नका. आधी जाणत्या माणसाला बोलवा.