स्लॅब मोजणाऱ्यांस

मुलुंड पूर्वेस आमची तीन मजल्यांची जी जुनी सोसायटी होती, ती पाडून तिच्या जागी नवी इमारत उभारण्याचे काम चालू आहे. आणि तेव्हापासून आम्हा सभासदांचा असा परिपाठ पडून गेला आहे की, संध्याकाळी भाजीच्या निमित्ताने भाड्याच्या घरातून निघावे आणि रिकामी पिशवी हातात घेऊन प्रथम त्या पत्र्याच्या कुंपणाशी जाऊन उभे राहावे. तेथे रोज जी सभा भरते तिचे कामकाज ‘कितवा स्लॅब पडला?’ या एकाच प्रश्नाने सुरू होई. उत्तरास एकूण मजल्यांनी भागून जो अपूर्णांक येईल तेवढे घर झाले, असे मानून मंडळी प्रसन्न किंवा खिन्न होत्साती बाजाराकडे वळत. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथे जुन्या इमारतींच्या जागी कुंपणे उभी राहिली आहेत, तेथेही हेच त्रैराशिक मांडले जात असणार. ते सोपे आहे खरे. परंतु घराच्या प्रगतीचा बराचसा भाग जमिनीच्या पोटात, स्लॅबवर साचविलेल्या पाण्यात आणि महापालिकेच्या दफ्तरात घडत असल्यामुळे फटीतून पाहणाऱ्याच्या हिशेबात तो येतच नाही.

आरंभीचे कित्येक महिने ‘काम बंद आहे’ असा आमच्या सभेचा एकमुखी निर्णय होता, कारण कुंपणाआड एका खड्ड्यापलीकडे काही दिसत नव्हते. वस्तुतः इमारतीचे भवितव्य त्याच खड्ड्यात ठरत असते. उपनगरांची जमीन एकजिनसी नाही: डोंगराच्या बाजूस मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लवकर लागतो, तर ठाण्याच्या खाडीकडे सरकावे तसतसा मऊ, पाणथळ चिकणमातीचा थर जाड होत जातो. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना सुमारे 200 फूट उंचीचा, खांबांसारख्या चिरा पडलेला तो कोट्यवधी वर्षांपूर्वीचा कातळ आठवेल; त्याच जातीचा कातळ आपल्या भूखंडाखाली किती खोल आहे, हे छिद्रे पाडून, नमुने काढून ठरवावे लागते. कातळ जवळ असेल तर तो फोडण्यात महिने जातात, दूर असेल तर त्याच्यापर्यंत पाइल उतरविण्यात जातात. जोत्याच्या वर काही दिसू लागण्यापूर्वीचा हा काळ आळसाचा असेलच असे नाही. तो आळसाचा आहे की कामाचा, हे अभियंत्याकडे माती-परीक्षणाचा अहवाल आणि पायाचा तपशील मागून कळते, फटीतून डोकावून नव्हे.

दुसरा समज अधिक रूढ आहे, आणि सुशिक्षितांतही आहे. स्लॅब पडल्याच्या दुसऱ्या दिवशी कडक ऊन असले की ‘आता चांगला वाळेल’ म्हणून आमचे एक शेजारी, जे स्वतः बँकेत अधिकारी होते, हात चोळीत असत. आणि त्या उन्हात मजूर पाण्याची नळी घेऊन स्लॅब भिजवीत असलेला पाहून त्यांना तो पाण्याचा अपव्यय वाटे. काँक्रीट वाळून कठीण होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक संयोगातून नवे घट्ट स्फटिक तयार होतात, त्यात पाणी खर्ची पडते आणि उष्णता बाहेर पडते. खाडीच्या पुलांचे पाये पाण्याखाली ओतलेले असूनही कठीण होतात ते याच कारणाने. उलट पहिल्या दिवसांतच ते वाळले तर संयोग अर्धवट राहतो, पृष्ठभाग तडकतो, आणि त्या बारीक भेगांतून पुढे पावसाळ्याचे पाणी आणि खारा ओलावा थेट सळईपर्यंत पोहोचतो. म्हणून भारतीय मानक 456 साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान 7 दिवस आणि राखमिश्रित वा तत्सम सिमेंटला निदान 10 दिवस अखंड ओलावा मागते. स्लॅबवर मसाल्याचे बांध घालून आळी करतात व त्यांत पाणी साठवितात, ते याचसाठी. ज्या दिवशी कुंपणाशी उभे राहून आपल्याला काहीच नवे दिसत नाही, फक्त चौकोनी डबक्यांत आकाश दिसते, तो दिवस, माझ्या मते, त्या आठवड्यातला सर्वांत मोलाचा असतो. पावसाचेही असेच. भुरभुर पाऊस ओतून झालेल्या स्लॅबचा वैरी नव्हे. ओतण्याच्या वेळी कोसळणारी मुसळधार सर मात्र सिमेंट धुऊन नेते, आणि तेव्हा काम तहकूब करणारा मुकादम शिव्यांस नव्हे, चहास पात्र आहे.

काँक्रीटची ताकद 28 दिवसांच्या चाचणीने मोजतात. त्यासाठी 15 सेंटीमीटरचे ठोकळे भरून, पाण्यात ठेवून, यंत्राखाली फोडतात. मग आठवड्यात एक मजला चढतो तो कच्चाच असणार, असा आक्षेप आमच्या सभेत वारंवार येतो. त्याचे उत्तर खालच्या मजल्यांवर उभ्या असलेल्या टेकूंत आहे. तुळया व खांब यांच्या बाजूंचे साचे एका दिवसात काढता येतात, परंतु 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू निदान 7 दिवस आणि त्याहून लांब स्लॅबखालचे 14 दिवस ठेवावयाचे असतात. नव्या मजल्याचा भार खालच्या टेकूंवरून उतरत जातो. तेव्हा वेगास भिण्याचे कारण नाही, परंतु टेकू आधीच नाहीसे झालेले दिसले तर विचारणा अवश्य करावी, आणि ठोकळ्यांच्या चाचण्यांची वही सोसायटीच्या समितीने महिन्याकाठी पाहावी. ती वही कोणी मागत नाही, म्हणून कोणी दाखवीत नाही. हल्ली उपनगरांत अॅल्युमिनियमच्या साच्यांची, ज्यास कामावर सर्रास ‘मायवान’ म्हणतात, जी पद्धत आली आहे, तीत भिंतीही काँक्रीटच्याच ओतल्या जातात आणि त्यांतील बहुतेक भार वाहतात. ‘ताबा घेतल्यावर मधली भिंत काढून दिवाणखाना वाढवू’ असे बेत करणाऱ्या गृहस्थांनी हे आजच ऐकून ठेवावे. घाटकोपर येथे 25 जुलै 2017 रोजी चार मजल्यांची इमारत कोसळून 17 माणसे दगावली, तेव्हा तळमजल्यावरील फेरबदल हेच कारण पुढे आले होते.

स्लॅब संपले म्हणजे घर संपत आले, या समजास हप्त्यांच्या वेळापत्रकाचाही हातभार लागतो. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्याप्रमाणे सदनिका विकत घेणाऱ्याकडून जोते पूर्ण होईतो किमतीच्या 45 टक्क्यांपर्यंत आणि सर्व स्लॅब होईतो 70 टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. पैसा 70 टक्के गेला म्हणजे कामही तेवढेच झाले, असे मन आपोआप मानते. परंतु भिंती, गिलावा, जलरोधन, नळ, विजेच्या तारा, लाद्या, लिफ्ट ही सर्व कामे एकमेकांच्या पायात पाय घालणारी असतात. एकाची चूक दुसऱ्याला उकरून काढावी लागते. आणि गच्चीचे जलरोधन तर एक पावसाळा पाहिल्यावाचून खरे कळतच नाही. आमच्या इमारतीचा शेवटचा स्लॅब पडला त्या दिवशी पेढे वाटले गेले. त्यास पाऊण वर्ष होत आले.

आता दफ्तराकडे वळू. ‘आयओडी (इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल) आली’ हे वाक्य दलालाच्या मुखी शुभवार्तेसारखे येते, आणि तोच कागद एखाद्या चिकित्सक सभासदाने वाचला की त्यास घाम फुटतो, कारण त्याच्या नावातच नामंजुरी आहे. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 346 खाली निघणारी ही सूचना म्हणजे ‘या या अटी पुऱ्या होईपर्यंत नामंजूर’ असे सांगणारी मंजुरीची पहिली पायरी होय. तिच्या जोरावर बांधकाम सुरू करता येत नाही. त्यासाठी 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालील प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, लागते. आणि ती मुंबईत सामान्यतः आधी केवळ जोत्यापर्यंत देऊन, जोत्याची तपासणी झाल्यावर पुढे वाढविली जाते. म्हणून ‘सीसी मिळाली’ असे कोणी सांगितले की ‘कितव्या मजल्यापर्यंत?’ हा प्रश्न शिष्टाचार बाजूस ठेवून विचारावा.

महारेराविषयीचे गैरसमजही थोडे नाहीत. 1 मे 2017 पासून कार्यरत असलेल्या या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे प्रकल्पाची नोंद झाली म्हणजे शासनाने कामाची हमी घेतली, असे पुष्कळांस वाटते. नोंदणी ही हमी नव्हे. विकासकाने दर तिमाहीस माहिती भरावयाची आणि खरेदीदारांकडून आलेल्या रकमेचा 70 टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवून वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांनुसारच काढावयाचा, हा रेरा कायद्याचा गाभा. ती माहिती वाचणे मात्र आपल्यावर सोपविले आहे. विकासकाने तेथे पुढची तारीख नोंदविली म्हणून आपल्या करारातील ताब्याची मुदत आपोआप वाढत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्येच स्पष्ट केले आहे. आम्हा जुन्या सभासदांची गोष्ट थोडी निराळी: आमचा मुख्य आधार कायमस्वरूपी पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार हाच, आणि तो कपाटात नव्हे, हाताशी असावा. त्यातील क्षेत्रफळ चटई क्षेत्र असेल तर रेराच्या व्याख्येप्रमाणे त्यात आतील भिंतींची जाडी धरली जाते, बाल्कनी धरली जात नाही; एवढे ध्यानात ठेवले तरी मोजपट्टी घेऊन होणारी निम्मी भांडणे टळतील.

आणि किल्ली. किल्ली हाती आली म्हणजे घर झाले, हा समज सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत चिवट. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळेपर्यंत त्या घरात राहण्यास कायद्याची मान्यता नसते. अग्निशमन दलाचा दाखला, लिफ्टचा परवाना, मलनिस्सारणाची जोडणी असे अनेक कागद रुजू झाल्यावर ते मिळते. ‘फर्निचरच्या कामासाठी’ म्हणून आधी दिलेला ताबा स्वीकारून, मुलाच्या शाळेचे वर्ष सुरू होते म्हणून राहावयास गेलेली कुटुंबे उपनगरांत थोडीथोडकी नाहीत. त्यांच्या घाईस मी हसणार नाही; भाड्याच्या घरात तिसरा गणपती बसवावा लागला की शहाणपणा पातळ होतो. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांपर्यंत बांधणीतील दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे बंधन रेराच्या कलम 14 ने विकासकावर घातले आहे, तेव्हा ताब्याचा कागद कोणत्या तारखेचा आहे हेही जपून ठेवावे.

आमच्या इमारतीस रंग लागला आहे, रात्री जिन्यात दिवे दिसतात, आणि सभेतील निम्मी मंडळी वास्तुशांतीचे मुहूर्त काढून आली आहेत. ओसी अद्याप आलेली नाही. आमचा देव्हारा भाड्याच्या घरातील फ्रिजवर आहे, आणि गुरुजींना आम्ही तारीख दिलेली नाही.