मधल्या पायऱ्या

३० जून २०२४ रोजी सुजाता सौनिक यांनी महाराष्ट्राच्या मुख्य सचिवपदाची सूत्रं घेतली. या पदावरच्या त्या पहिल्या महिला. राज्याला तेव्हा ६४ वर्षं पूर्ण झाली होती. मध्य प्रदेशात निर्मला बुच १९९१मध्येच त्या खुर्चीत बसल्या होत्या. सावित्रीबाईंचं नाव ऊठसूट घेणाऱ्या आपल्या राज्याला हा उशीर शोभणारा नव्हे. बरं, कर्तबगार बायका नव्हत्या म्हणावं, तर तसंही नाही. आयएएसच्या १९७२च्या तुकडीतल्या नीला सत्यनारायण पुढे राज्याच्या पहिल्या महिला निवडणूक आयुक्त झाल्या. मुख्य सचिवपद मात्र त्यांच्याही वाट्याला आलं नाही.

सुरुवातीला अडवणूक सरळ कागदावरच होती. १९५१च्या तुकडीतल्या अ‍ॅना जॉर्ज (पुढच्या अ‍ॅना राजम मल्होत्रा) या पहिल्या महिला आयएएस. मुलाखत मंडळाने त्यांना बायकांना ‘झेपेल’ अशी दुसरी सेवा सुचवली, पण त्या हटल्या नाहीत. नेमणुकीच्या आदेशातच अट होती: लग्न केल्यास नोकरी संपेल. मद्रासचे मुख्यमंत्री राजाजी त्यांना जिल्ह्यात पाठवायला नाखूश होते, सचिवालयातलं टेबल बरं, असं त्यांचं मत. अ‍ॅनाबाईंनी घोडेस्वारी आणि बंदुकीच्या प्रशिक्षणाचा दाखला देत जिल्हाच मागितला आणि होसूरला सब-कलेक्टर म्हणून गेल्या. लग्नाची अट पुढे गळाली. आपल्या न्हावा शेवा बंदराची धुराही नंतर त्यांच्याकडे आली.

परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा यांनी तर सरकारलाच कोर्टात खेचलं. लग्नाआधी लेखी परवानगी घ्या, संसारामुळे कामात कसूर होतेय असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्या, असे नियम १९७९ सालीही जिवंत होते! बढती डावलल्याची तक्रार घेऊन त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सुनावणी होईपर्यंत सरकारने घाईघाईने बढती देऊन टाकली, त्यामुळे याचिका तांत्रिकदृष्ट्या निकाली निघाली. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला सोडलं नाही. संसाराची अडचण बाईला होते तर पुरुषालाही होऊ शकते, मग नियम एकटीलाच का, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

आता तसे नियम नाहीत. २०२२च्या नागरी सेवा परीक्षेत निवडलेल्या ९३३ जणांत ३२० मुली होत्या आणि पहिले चारही क्रमांक मुलींचे. अडचण सुरू होते ती त्यानंतर. लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं. बदलीच्या फाइलवर असतं. जिल्हा, महापालिका, गृह, वित्त, महसूल, नगरविकास या खुर्च्यांवर बसलेला माणूस मंत्र्यांच्या नजरेत राहतो. महिला व बालविकास सांभाळणाऱ्या बाईंच्या कामाचं कौतुक होतं, पण मुख्य सचिवपदाच्या चर्चेत नाव निघत नाही.

दिल्लीची वाटही अशीच. २००७पासूनच्या तुकड्यांना केंद्रात सहसचिव व्हायचं, तर आधी उपसचिव किंवा संचालक म्हणून दोन वर्षं केंद्रात काढावी लागतात. नियम स्त्री-पुरुष दोघांना सारखाच. पण ही दोन वर्षं येतात ती नेमकी मुलांच्या शाळेच्या, घरातल्या म्हाताऱ्यांच्या दुखण्याच्या काळात. नवरा दिल्लीला गेला तर घर मागे चालू राहतं; बायको निघाली की आधी घराची बैठक बसते. ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, तिचा आधारही मोठा. मात्र ती एकटी आईच घेत राहिली, तर तेवढ्या काळात महत्त्वाची खुर्ची दुसऱ्याकडे जाते. माझ्या मते ही रजा बापांनाही सक्तीने द्यावी.

वयाचं गणित आणखी कठोर. तिसाव्या वर्षी रुजू झालेल्या मुलीकडे साठीपर्यंत ३० वर्षंच उरतात. सौनिक १९८७च्या तुकडीच्या. मुख्य सचिव व्हायला त्यांना जवळपास ३७ वर्षं लागली आणि पदावर मिळालं एकच वर्ष. केंद्रात १९५०पासून कॅबिनेट सचिव नेमले जाताहेत. त्या यादीत आजवर एकाही बाईचं नाव नाही.