फोटोतील रंगांचे प्रीसेट : कसे सांभाळावेत, कोठे लावू नयेत



शाळेच्या वार्तापत्रात, सूचनाफलकावर आणि वार्षिक अहवालात जे फोटो आपण पाहता, ते मोबाइल किंवा कॅमेऱ्यातून निघाले तसेच छापले जात नाहीत. संगणक कक्षात त्यांचा उजेड आणि रंग थोडाफार नीट केला जातो. हे काम वरच्या वर्गांतील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात. एकदा जमलेली रंगदुरुस्ती नाव देऊन साठवायची आणि पुढच्या फोटोला एका क्लिकने लावायची, या सोयीला 'प्रीसेट' असे म्हणतात.

सोय चांगली आहे. परंतु ती नीट सांभाळली नाही तर दोन प्रकारचे नुकसान होते. पहिले म्हणजे मेहनतीने तयार केलेले प्रीसेट हरवतात. दुसरे अधिक गंभीर आहे. चुकीच्या जागी लावलेल्या प्रीसेटमुळे आपल्याच मुलांचे चेहरे त्यांचे राहत नाहीत. म्हणून या अंकात या विषयाची थोडी सविस्तर माहिती देत आहोत.

रंग म्हणजे आकडे

संगणकावरील फोटो असंख्य बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे साठवलेले असतात. नेहमीच्या फोटोत प्रत्येक आकडा ० ते २५५ या दरम्यान असतो. तिन्ही शून्य असले तर काळा रंग, तिन्ही २५५ असले तर पांढरा. २५६ गुणिले २५६ गुणिले २५६ असा हिशेब केला की १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ छटा होतात. गणिताच्या तासाला विद्यार्थ्यांनी हा गुणाकार अवश्य करून पाहावा.

रंगदुरुस्ती म्हणजे या आकड्यांत ठरावीक फेरबदल करणे होय. प्रीसेटमध्ये फोटो साठवलेला नसतो, फक्त फेरबदलाचा नियम असतो. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सर्व समजणे सोपे जाते. प्रीसेटला डोळे नाहीत. समोर मुलाचा चेहरा आहे की तुरीचे शेत, हे त्याला कळत नाही. सांगितलेला हिशेब तो मुकाट्याने करतो.

एक उदाहरण घेऊ. स्नेहसंमेलनात लाल-पिवळ्या कापडाचा मंडप घालतात. त्या कापडातून गाळून आलेला उजेड सर्वांच्या अंगावर पडतो आणि गणवेशाचा पांढरा शर्टही तांबूस दिसतो. समजा त्या शर्टावर लाल २४०, हिरवा २०५ आणि निळा १९० असे आकडे मिळाले. खऱ्या पांढऱ्यात तिन्ही आकडे जवळपास सारखे असावेत. म्हणून लाल २५ ने उतरवला, हिरवा १० ने व निळा २५ ने चढवला. तिन्ही २१५ झाले, शर्ट पांढरा झाला आणि चेहरेही मूळ रंगावर आले. ही दुरुस्ती 'मंडप' नावाने साठवली.

आता हाच प्रीसेट मैदानावरील प्रार्थनेच्या फोटोला लावला तर काय होईल? तेथे शर्ट आधीच पांढरा आहे, म्हणजे तिन्ही आकडे २२५ आहेत. ते ढोबळमानाने २००, २३५ आणि २५० होतील. शर्ट निळसर पडेल आणि मुले आजारी दिसू लागतील. दोष प्रीसेटचा नाही. औषध चांगले होते, ते दुसऱ्याच रोग्याला दिले गेले.

साठवण कशी करावी

आपल्या संगणक कक्षात 'जिम्प' हा मोफत मिळणारा प्रोग्राम वापरला जातो. १९९५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी त्याचे काम सुरू केले. आज जगभरातील स्वयंसेवक तो पुढे नेत आहेत. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. विद्यार्थ्यांनी सुरू केलेले काम कोठपर्यंत जाते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

जिम्पमध्ये फोटो उघडून 'कलर्स' मेनूतील 'कर्व्ह्ज', 'लेव्हल्स' किंवा 'कलर बॅलन्स' यांपैकी एक साधन निवडावे. उघडलेल्या चौकटीत वरच्या बाजूस 'प्रीसेट्स' ही ओळ दिसते. दुरुस्ती मनासारखी झाली की 'ओके' करण्यापूर्वी त्या ओळीतील अधिक चिन्हावर क्लिक करून नाव द्यावे. पुढच्या वेळी तेच साधन उघडून यादीतून ते नाव निवडले की झाले.

शेजारी एक लहानसा बाण आहे. त्यातील मेनूत तीन कामे होतात : सध्याची दुरुस्ती फाइलच्या रूपात बाहेर काढणे, दुसरीकडून आणलेली फाइल आत घेणे आणि साठवलेल्या सर्व प्रीसेटची यादी सांभाळणे. नको असलेली नावे याच यादीतून काढून टाकता येतात.

येथे दोन गोष्टींची सावधानी बाळगावी. प्रत्येक साधनाची यादी वेगळी असते. 'कर्व्ह्ज'मध्ये साठवलेला प्रीसेट 'लेव्हल्स'मध्ये दिसत नाही, म्हणून "हरवला, हरवला" अशी ओरड करण्याआधी योग्य साधन उघडले आहे ना, ते पाहावे. तसेच जिम्प अलीकडे केलेल्या दुरुस्त्या तारीख-वेळेसह आपोआप यादीत ठेवतो. त्यांवर विसंबून राहू नये. नव्या येतात तशा जुन्या गळून पडतात. नाव दिलेलेच टिकते.

व्यावसायिक छायाचित्रकार बहुधा 'लाइटरूम' वापरतात. तेथेही प्रीसेटचे गट करणे, ते बाहेर काढणे, नको ते लपवणे अशी सोय आहे. २०१८ साली लाइटरूमने प्रीसेटच्या फाइलचा प्रकारच बदलला. यावरून हे शिकावे की प्रीसेट त्या त्या प्रोग्रामच्या आश्रयाने जगतो आणि एका प्रोग्रामचा प्रीसेट सहसा दुसऱ्यात चालत नाही. म्हणून प्रीसेटसोबत कोणते आकडे किती बदलले, हे वहीतही लिहून ठेवावे. वहीला नवी आवृत्ती लागत नाही.

नावे आणि राखीव प्रत

'नवीन', 'नवीन १', 'चांगला', 'फायनल', 'फायनल खरा' अशी नावे कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. देणाऱ्यालाही महिन्याभराने त्यांचा अर्थ लागत नाही. नावावरून उजेड, जागा आणि वर्ष कळले पाहिजे. उदाहरणार्थ 'मंडप-लाल-२०२४', 'वर्ग-ट्यूबलाइट-२०२५', 'मैदान-सकाळ-२०२५'. आपल्या शाळेत मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतील मुले एकत्र शिकतात. तेव्हा नाव सर्वांना वाचता येईल असे, एकाच ठरलेल्या पद्धतीने द्यावे.

प्रीसेटची फाइल अगदी छोटी असते. साध्या पेन ड्राइव्हवर अशा हजारो फाइली मावतील. तरीही तिची प्रत ठेवण्याचा आपण कंटाळा करतो. शाळेचा एक संगणक दुरुस्तीसाठी बाहेर पाठवला होता. तो परत आला तेव्हा त्याची डिस्क कोरी होती आणि मुलांनी दोन वर्षांत तयार केलेली यादी तिच्यासोबत गेली होती. संगणक नवा घेता येतो, मुलांची मेहनत विकत मिळत नाही. म्हणून दर सत्राच्या शेवटी सर्व प्रीसेट बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवावेत, अशी व्यवस्था आता केली आहे.

जेथे प्रीसेट खरोखर उपयोगी पडतो

शाळेच्या कपाटात जुन्या संमेलनांचे रंगीत फोटो आहेत. त्यांपैकी पुष्कळ तांबडे पडले आहेत. रंगीत छपाईत तीन रंगद्रव्ये असतात आणि ती सारख्या गतीने विटत नाहीत. त्या काळच्या कागदावर निळसर-हिरवे द्रव्य लवकर विटत असे, म्हणून फोटो लालसर होतो. एकाच अल्बममधील, एकाच वर्षी धुतलेले फोटो बहुधा सारखेच विटतात. अशा वेळी एक फोटो नीट करून प्रीसेट साठवला की बाकीच्यांना तोच लावून वर थोडी किरकोळ दुरुस्ती पुरते.

याउलट आपल्या बिदरच्या बिदरी कामाचा फोटो पाहा. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी जडवून, किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या साहाय्याने धातू काळा केला जातो. त्या काळ्यावरच चांदी उठून दिसते. २००६ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. अशा फोटोला 'उजळ करा' छापाचा प्रीसेट लावला की काळे राखाडी होते आणि कारागिराने जे साधले ते पुसले जाते. १४७२ मध्ये बांधून झालेल्या महमूद गवान मदरशाच्या मनोऱ्यावरील रंगीत फरशा किंवा आपल्या भागातील जांभा दगड यांनाही तोच न्याय लागू आहे. वस्तूचा रंग हीच तिची ओळख असेल तेथे तयार प्रीसेट दूर ठेवावा.

चेहऱ्याचा रंग कोण ठरवतो?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ओळखपत्रासाठी बाहेरून काढून आणलेल्या फोटोंत आम्हांला एक गोष्ट वारंवार दिसते. सर्व मुले एकाच पिठूळ गोऱ्या रंगाची झालेली असतात. मागणी नसतानाही गोरे करणारा प्रीसेट लावून दिला जातो. सातवीतील एका विद्यार्थिनीने आपले ओळखपत्र पाहून विचारले, "सर, माझा रंग चुकीचा आहे का?" या प्रश्नाला संगणकशास्त्रात उत्तर नाही. उत्तर आपल्याला, मोठ्या माणसांना, द्यायचे आहे.

रंगाचे माप दुसऱ्याने ठरवले की काय होते, याचा इतिहास मोठा आहे. १९३३ साली प्रभात कंपनीने 'सैरंध्री' हा चित्रपट रंगीत करण्याचे धाडस केले. त्याच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करून घ्याव्या लागल्या आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. अमेरिकेत कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून फोटो छापणाऱ्यांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. 'शर्ली कार्ड' या नावाने ते ओळखले गेले. गोरी त्वचा ठीक छापली गेली म्हणजे यंत्र ठीक, असा हिशेब होता. सावळ्या व काळ्या माणसांचे चेहरे मात्र डाग पडल्यासारखे येत. फिल्ममध्ये सुधारणा होण्यास लाकडी सामान आणि चॉकलेट बनवणाऱ्यांच्या तक्रारीही कारणीभूत ठरल्या, असे सांगितले जाते. त्यांच्या मालाच्या गडद छटा नीट उमटत नव्हत्या. १९९० च्या दशकात निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड आले.

त्या कार्डाचेच काम आज तयार प्रीसेट करतो. तो बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणता चेहरा होता, हे आपल्याला ठाऊक नसते. आपल्याकडेही विचार बदलत आहे. २०२० साली एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढण्यात आला. शाळेच्या फोटोतून तो विचार काढायला आपण का थांबावे?

शाळेपुरते नियम

१. मूळ फोटोला हात लावायचा नाही. आधी प्रत काढावी, दुरुस्ती प्रतीवरच करावी. २५५ च्या पार ढकलून पांढरा झालेला भाग जतन केला की त्यातील बारकावा परत मिळत नाही.

२. प्रीसेट उजेडासाठी असावा, माणसासाठी नसावा. 'गोरा', 'फेअर', 'ग्लो' अशा नावांचा किंवा हेतूचा प्रीसेट शाळेच्या संगणकावर राहणार नाही.

३. प्रीसेट लावल्यावर सर्वप्रथम गणवेशाचा पांढरा शर्ट पाहावा. राष्ट्रध्वज फोटोत असेल तर मधला पट्टा पांढराच दिसतो ना, हे पाहावे. पांढरा खरा असेल तर चेहराही सहसा खरा असतो.

४. ज्याचा फोटो आहे तो विद्यार्थी समोर असेल तर त्याला पडद्यावर दाखवून मगच छपाईस द्यावा.

५. वर्षातून एकदा यादी तपासून न लागणारे प्रीसेट काढून टाकावेत. वीस ओळखीचे प्रीसेट दोनशे अनोळखी प्रीसेटपेक्षा बरे.

पालकांना नम्र विनंती की ओळखपत्रासाठी फोटो काढताना "रंग आहे तसाच ठेवा" असे दुकानात स्पष्ट सांगावे. विश्वस्त मंडळींना विनंती की जुन्या फोटोंचे स्कॅनिंग करण्यासाठी एक बरा स्कॅनर आणि दोन बाह्य डिस्क मिळाव्यात. माजी विद्यार्थ्यांकडे शाळेचे जुने फोटो असतील तर त्यांनी ते कार्यालयात आणून द्यावेत. स्कॅन करून मूळ प्रत त्याच आठवड्यात परत केली जाईल. फोटोच्या मागे साल आणि प्रसंग पेन्सिलीने लिहावा, म्हणजे एका वर्षाचे फोटो एकत्र लावता येतील.

ज्या विद्यार्थ्यांना हे काम शिकायचे आहे त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात नाव नोंदवावे. येताना एक वही आणावी. प्रीसेटची पहिली नोंद तिच्यातच करायची आहे.

– मुख्याध्यापक