केडगावच्या रमाबाई आणि अमेरिकेतले संशोधक

पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचे केडगाव हे पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) मुक्तिमिशनचे गाव. निराधार स्त्रियांसाठीचे मिशनचे काम सर्वांना ठाऊक आहे. लेखिका रमाबाई मात्र आपल्याकडे उपेक्षितच राहिल्या.

डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी मार्च १८८६ मध्ये रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळपास पावणेतीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. तिथे १८८७ मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. परतल्यावर १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते नुसते प्रवासवर्णन नाही. राज्यकारभार, शिक्षण, धर्मादाय संस्था, स्त्रियांच्या संघटना यांचा त्यात बारकाईने घेतलेला शोध आहे, आणि वर्णद्वेषावर परखड टीकाही. एका मराठी विधवेने अमेरिकेचा असा हिशेब मांडावा, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती.

अभ्यासकांचे लक्ष पुढे रमाबाईंकडे वळले. १९९८ मध्ये इतिहासकार उमा चक्रवर्ती यांनी रमाबाईंच्या काळाचा इतिहास नव्याने मांडला. रमाबाईंच्या अमेरिकेच्या प्रवासवृत्ताची दोन स्वतंत्र इंग्रजी भाषांतरे २००३ या एकाच वर्षी अमेरिकेत निघाली. एक समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांचे, दुसरे इतिहासकार रॉबर्ट फ्रायकेनबर्ग यांनी संपादित केलेले. त्यानंतर परदेशी विद्यापीठांतले अभ्यासक हे पुस्तक इंग्रजीतून वाचू लागले. केडगावच्या आसपासच्या, दौंड-शिरूरच्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना तर ते मुळातून वाचता येते; त्यांनी ते अभ्यासाला घ्यावेच.